जुन्या लष्करी रायफलींच्या तडकलेल्या लाकडी दस्त्यांची दुरुस्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातील जुन्या घरांत, संस्थांच्या संग्रहांत आणि एनसीसीच्या शस्त्रखोल्यांत ज्या लष्करी रायफली आज प्रदर्शनासाठी, कवायतीसाठी किंवा रीतसर परवान्यावर ठेवलेल्या आहेत, त्यांच्या लाकडाविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची ही उत्तरे आहेत. ती लाकडापुरतीच आहेत. नळी, बोल्ट आणि ट्रिगर यांचे काम परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाखेरीज कोणी करू नये.

रायफल कोणत्या बनावटीची आहे, याचा लाकडाच्या दुरुस्तीशी काय संबंध?

संबंध फार जवळचा आहे, कारण तडा कुठे जाणार हे बहुतेक वेळा बनावटच ठरवते. आपल्याकडे सर्वाधिक आढळणारी रायफल म्हणजे .३०३ ली-एनफिल्ड. तिचा नंबर १ मार्क ३ हा नमुना १९०७ सालचा असून पश्चिम बंगालमधील इशापूरच्या कारखान्यात तो दीर्घकाळ तयार होत होता. या रायफलीचे लाकूड दोन वेगळ्या भागांत असते. खांद्याला टेकणारा कुंदा मागे आणि नळीखालचा लांब दस्ता पुढे, आणि दोहोंच्या मध्ये पोलादी बट सॉकेट. नळीवर हँडगार्ड नावाची पातळ लाकडी आवरणे बसतात ती निराळीच.

पोर्तुगीज सैन्याच्या सेवेतील रायफलींची रचना याहून वेगळी आहे. १९०४ चा ६.५ मिमी मॉझर-व्हर्गेरो आणि १९३७ चा ७.९२ मिमी मॉझर यांचा दस्ता कुंद्यापासून पुढच्या टोकापर्यंत एकाच लाकडाचा असतो. १८८६ चा ८ मिमी क्रोपाचेकही एकसंध दस्त्याचाच, पण त्याचे नळीच्या आकाराचे मॅगझिन पुढच्या लाकडात बसवलेले असल्याने तेथील भिंती पातळ राहिल्या आहेत आणि लांबीच्या दिशेने चिरण्याची त्यांची प्रवृत्ती असते. एकसंध दस्ता सहसा बारीक भागी, म्हणजे हाताची पकड बसते त्या मानेपाशी आणि मॅगझिन व ट्रिगर यांच्या खाचांमधल्या अरुंद पट्टीत तडकतो. ली-एनफिल्डचा पुढचा दस्ता मात्र बहुधा मागच्या टोकाकडून फुटू लागतो.

दुरुस्ती करण्यापूर्वी कायद्याच्या दृष्टीने काय पाहावे?

शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ५ नुसार अग्निशस्त्रांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. त्यामुळे चालू स्थितीतील रायफल अखंड उचलून ओळखीच्या सुताराकडे ठेवून येणे योग्य नाही. .३०३ सारख्या लष्करी बोअरच्या रायफली प्रतिबंधित वर्गात मोडतात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला साधारणपणे दोनच अग्निशस्त्रे बाळगता येतात, हेही वारसाहक्काने शस्त्र मिळालेल्यांनी ध्यानात ठेवावे. घराच्या माळ्यावर किंवा जुन्या पेटीत कागदपत्रांविना एखादी रायफल सापडली, तर तडा पाहत बसण्याआधी नजीकच्या पोलीस ठाण्याला कळवावे. निष्क्रिय केलेल्या रायफलीच्या बाबतीत तसे प्रमाणपत्र जवळ असावे. शंका असल्यास आपल्या जिल्ह्याच्या जिल्हाधिकारी कार्यालयात आधी विचारणा करावी.

चांगले पक्व अक्रोडाचे लाकूड तडकते तरी का?

तीन कारणे असतात आणि ती बहुधा एकत्रच आढळतात.

पहिले कारण ओलाव्याचे आहे. लाकूड तंतूंच्या लांबीत जवळजवळ बदलत नाही, पण तंतूंना आडवे ते सतत फुगते आणि आकसते. पावसाळ्यात गोव्यातील हवेची सापेक्ष आर्द्रता ८५ ते ९० टक्क्यांच्या घरात राहते आणि त्या हवेत मुरलेल्या लाकडात पाण्याचे प्रमाण १८ ते २० टक्क्यांपर्यंत चढते. तोच दस्ता वातानुकूलित खोलीत ५० टक्के आर्द्रतेला ठेवला, तर ते प्रमाण ९ टक्क्यांच्या आसपास उतरते. लाकूड मोकळे असते तर या आकसण्याने फारसे बिघडले नसते. परंतु दस्ता स्क्रू, कडी आणि पोलादी पट्ट्यांनी जागोजागी जखडलेला असतो, आणि जेथे त्याला हलायला जागा नसते तेथे तो चिरतो.

दुसरे कारण धक्क्याचे. गोळी सुटताना रायफल मागे येते आणि तो सगळा भार लाकडातील काही ठरावीक पृष्ठभागांवर येतो. ली-एनफिल्डमध्ये पुढच्या दस्त्याच्या आतले, रिसिव्हरला (नळीमागच्या, बोल्ट सामावणाऱ्या धातूच्या भागाला) मागून अडवणारे दोन लहान पृष्ठभाग हे काम करतात. ते झिजले, दबले किंवा तेलाने मऊ पडले की रिसिव्हर प्रत्येक वेळी किंचित अधिक मागे सरकतो आणि पाचरीप्रमाणे दस्त्याचे मागचे टोक फाडू लागतो. ऑस्ट्रेलियातील लिथगो कारखान्याने स्थानिक मऊ लाकूड वापरताना याच जागी तांब्याच्या पट्ट्या बसवल्या होत्या. भारतीय बनावटीच्या अनेक दस्त्यांतून आडवा गेलेला मजबुतीचा स्क्रू दिसतो, त्यामागेही लाकूड फाकू नये हाच हेतू आहे. १८९८ च्या रचनेच्या मॉझरमध्ये हे काम आडवा पोलादी बोल्ट करतो.

तिसरे कारण माणसाचे. चुकीच्या क्रमाने खोलणे, गंजलेला स्क्रू जोर लावून फिरवणे, मॅगझिन काढण्यासाठी लाकडावर पेचकस टेकवून उचकटणे. माझ्या पाहण्यातील निम्म्याहून अधिक नवे तडे युद्धातले नसून साफसफाईच्या दिवशी पडलेले होते, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

ती खरोखर चीर आहे की लाकडाची नैसर्गिक रेषा, हे कसे ओळखावे?

खिडकीपाशी किंवा टेबलावरच्या दिव्याचा प्रकाश अगदी तिरपा पाडून पाहावे. नैसर्गिक रेषा वळणे घेते आणि शेजारच्या रेषांशी समांतर राहते. चीर या रेषांना मध्येच छेदते किंवा एखाद्या स्क्रूच्या भोकातून, खाचेच्या कोपऱ्यातून निघालेली दिसते. तरीही खात्री होत नसेल, तर त्या जागी कापसाने थोडे आयसोप्रोपिल अल्कोहोल फिरवावे. पृष्ठभागावरचे अल्कोहोल क्षणात उडून जाते, परंतु चिरेत शिरलेले मागे राहते आणि कोरड्या होत चाललेल्या लाकडावर केसासारखी काळपट रेघ काही सेकंद उमटून राहते. ती रेघ जेथे संपते, त्याच्या थोडी पुढेपर्यंत चीर गेलेली आहे असे धरून चालावे. चपडीचे किंवा लाखेचे पॉलिश आधी कोणी चढवले असेल तर अल्कोहोलने ते विरघळते, म्हणून ही परीक्षा लाकडाच्या आतल्या, न दिसणाऱ्या बाजूने करावी.

दस्ता धातूपासून वेगळा केल्यावर तो दोन बोटांत सैल धरून बोटाच्या पेराने ठोकून पाहावा. अखंड लाकूड खणखणीत बोलते, तडकलेले भसभसते.

प्रत्येक चीर दुरुस्त करायलाच हवी का?

नाही. कुंद्याच्या टोकाला, पितळी बटप्लेटच्या कडेला दिसणारी आखूड, स्थिर चीर जुन्या रायफलीच्या वयाचा भाग असते आणि प्रदर्शनातील वस्तूत ती तशीच राहू द्यावी. पेन्सिलीने कागदावर तिची लांबी आणि टोक नोंदवून ठेवावे आणि पावसाळ्याआधी व नंतर पुन्हा पाहावे. ती वाढत असेल, हाताने किंचित पिळल्यावर उघडत असेल किंवा मानेवर, धक्का झेलणाऱ्या पृष्ठभागांपाशी वा मॅगझिनच्या खाचेत असेल, तर मात्र वाट पाहू नये.

ली-एनफिल्डचा कुंदा आधी काढावा की पुढचा दस्ता?

नंबर १ नमुन्यात पुढचा दस्ता आधी. यात अपवाद नाही, आणि हे उत्तर एवढे ठासून देण्याचे कारण आतल्या रचनेत आहे.

कुंदा बट सॉकेटला एका लांब बोल्टने घट्ट होतो. बटप्लेटमधील झाकणातून लांब पेचकस घालून तो फिरवता येतो, त्यामुळे अनोळखी माणसाला हेच काम सर्वांत सोपे वाटते. पण या बोल्टचे पुढचे टोक चौकोनी केलेले असते आणि ते पुढच्या दस्त्याच्या मागच्या टोकातील लहान धातूच्या पट्टीच्या खाचेत अडकलेले असते. बोल्ट आपोआप सैल होऊ नये यासाठी ती व्यवस्था केलेली आहे. दस्ता जागेवर असताना बोल्ट फिरवला की चौकोनी टोक त्या पट्टीसकट लाकूड आतून फाकवते, आणि मागच्या टोकाला उभी फाट पडते. ही फाट बाहेरून पाहून धक्क्याने पडलेल्या फाटीसारखीच वाटते.

म्हणून मॅगझिन आणि रायफलीचा मागे-पुढे सरकणारा बोल्ट (कुंद्याचा नव्हे) काढून ठेवल्यावर पुढची टोपी, कड्या, आतल्या कडीचा स्प्रिंगवाला स्क्रू आणि ट्रिगर गार्ड या क्रमाने सोडवून दस्ता नळीपासून सरळ खाली, दोन्ही टोके सारख्या वेगाने येतील अशा बेताने काढावा. पुढचे टोक आधी ओढून दस्ता तिरका केला तर मागच्या कोपऱ्यांचे टवके निघतात. हँडगार्ड काढतानाही घाई करू नये. मागच्या हँडगार्डची पकड स्प्रिंगच्या चिमट्याची असते आणि नेम धरण्याच्या मागच्या साइटच्या दोन्ही अंगांना असलेले त्याचे पातळ कान सहज तुटतात.

प्रत्येक स्क्रू कोणत्या भोकातला, हे लिहून ठेवावे. पुठ्ठ्यावर रायफलीची आकृती काढून स्क्रू त्या त्या जागी खुपसून ठेवणे ही चांगली सवय आहे.

लाकूड तेलाने काळे पडले आहे. त्यावर चिकटद्रव्य धरेल का?

धरणार नाही. दशकानुदशके बंदुकीचे खनिज तेल मुरलेल्या लाकडात कोणतीही गोंदजोड टिकत नाही, आणि मानेपाशी व रिसिव्हरच्या बैठकीत हे तेल सर्वांत जास्त साचलेले असते, म्हणजे नेमके जेथे तडा असतो तेथेच.

तेल बाहेर काढण्यासाठी खडूची बारीक पूड अ‍ॅसिटोन किंवा मिनरल टर्पेंटाइनमध्ये कालवून तिचा जाड लेप चिरेभोवती द्यावा, वाळला की ब्रशने झाडावा आणि पूड पिवळी-तपकिरी निघणे थांबेपर्यंत पुन्हा द्यावा. मार्च ते मे या काळातील ऊन या कामाला फार उपयोगी पडते. द्रावण पूर्ण उडून गेल्यावर कोरड्या पुडीत गुंडाळलेला दस्ता काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत घालून उन्हात थोडा थोडा वेळ ठेवला, की उष्णतेने पातळ झालेले तेल पुडीत उतरते. ओले द्रावण असलेला दस्ता पिशवीत किंवा बंद गाडीत कधीही ठेवू नये, त्याची वाफ पेट घेते. आणि दिवसभर उन्हात टाकून निघून जाऊ नये, नाहीतर तेल काढता काढता नवी चीर पडेल.

कॉस्टिक सोड्याच्या उकळत्या पाण्यात दस्ता बुडवण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. लाकूड स्वच्छ निघते हे खरे, पण त्याचे तंतू उभे राहतात, रंग मरतो आणि जुने शिक्के पुसट होतात. मी हा उपाय कोणालाही सुचवत नाही.

सरस, फेव्हिकॉल, इपॉक्सी, फेव्हिक्विक यांपैकी काय वापरावे?

रायफल पुढे कशासाठी वापरली जाणार, यावर हे अवलंबून आहे.

धक्का सोसावा लागणाऱ्या किंवा कवायतीत आपटल्या जाणाऱ्या दस्त्यासाठी सावकाश घट्ट होणारी दोन भागांची इपॉक्सी घ्यावी, उदाहरणार्थ अ‍ॅराल्डाइट स्टँडर्ड. पाच मिनिटांत घट्ट होणारा प्रकार टाळावा, कारण तो चिरेच्या तळापर्यंत झिरपण्याआधीच दाट होतो. दोन्ही भागांचे प्रमाण पाकिटावर दिल्याप्रमाणेच ठेवावे. हार्डनर जास्त घातल्याने काम लवकर होत नाही, जोड मऊ राहतो.

सुताराचा पांढरा फेव्हिकॉल कोरड्या, स्वच्छ आणि घट्ट मिटणाऱ्या जोडासाठी उत्तम आहे. परंतु सततच्या भाराखाली तो हळूहळू सरकतो आणि तेलाचा अंश असलेल्या लाकडावर त्याचा भरवसा नाही. फेव्हिक्विकसारखे पातळ चिकटद्रव्य केसाएवढ्या चिरेत झटकन शिरते, पण ते ठिसूळ असते, कडेचे लाकूड काळवंडवते आणि एकदा शिरले की नंतर तेथे दुसरे काहीही धरत नाही. हँडगार्डच्या कानाचा निघालेला टवका बसवण्यापलीकडे त्याला काम देऊ नये.

संग्रहालयातील वस्तूची कसोटी निराळी आहे. तेथे आपण केलेले काम उद्या कोणाला उलटवता आले पाहिजे. त्या दृष्टीने सरस आदर्श ठरतो, पण आपल्या पावसाळ्यात तो ओलावा धरून मऊ पडतो. मधला मार्ग म्हणजे पॅरालॉइड बी-७२ हे अ‍ॅक्रिलिक रेझिन अ‍ॅसिटोनमध्ये विरघळवून जोडाच्या दोन्ही पृष्ठभागांवर आधी त्याचा थर द्यायचा आणि तो पूर्ण वाळल्यावर इपॉक्सी लावायची. जोडाची ताकद काहीशी कमी होते, मात्र पुढे अ‍ॅसिटोनने तो थर विरघळवून जोड सोडवता येतो. शिक्के असलेल्या मौल्यवान दस्त्याला मी हाच मार्ग निवडेन.

इपॉक्सी चिरेच्या आतपर्यंत कशी पोहोचवावी?

चीर जितकी अरुंद, तितका हा प्रश्न महत्त्वाचा. वरून थापलेली इपॉक्सी फक्त तोंड बुजवते आणि आतली पोकळी तशीच राहते.

प्रथम चिरेतील जुनी धूळ आणि मेण बारीक ब्रशने व अ‍ॅसिटोनने काढून लाकूड पूर्ण वाळू द्यावे. चिरेच्या दोन्ही कडांना मास्किंग टेप लावावा. हेअर ड्रायरने लाकूड हाताला सोसवेल इतके कोमट करावे, म्हणजे इपॉक्सी त्यावर पडताच पातळ होऊन धावते. चीर उघडण्यासाठी पोलादी पाचर न ठोकता दातकोरणीची टोके दोन-तीन ठिकाणी हलकेच सारावीत. इपॉक्सी घातल्यावर दस्ता हलक्या हाताने वाकवून सोडावा, पुन्हा वाकवून सोडावा. चीर उघडते तेव्हा द्रव आत ओढला जातो, मिटते तेव्हा हवेचे बुडबुडे बाहेर येतात. बुडबुडे थांबेपर्यंत हे करत राहावे. चीर आरपार असेल तर खालच्या बाजूला व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचे तोंड, मध्ये फडके धरून, टेकवल्यास द्रव खाली खेचला जातो. वरून घातलेली इपॉक्सी खालच्या कडेने मोत्यासारखी ओळीत उगवू लागली की काम तळाला पोहोचले.

मग दातकोरण्या काढून दस्ता बांधावा. त्याचा आकार गोलसर आणि उतरता असल्याने सुताराचे क्लॅम्प घसरतात. सायकलच्या जुन्या ट्यूबची दोन बोटे रुंद पट्टी कापून ती ताणत, एकावर एक चढवत गुंडाळली तर दाब सर्व बाजूंनी सारखा बसतो. लाकूड आणि ट्यूब यांच्यामध्ये बटर पेपर ठेवावा. दाब चीर मिटेल इतकाच हवा. सगळी इपॉक्सी पिळून निघाली तर जोड उपाशी राहतो. बाहेर आलेली इपॉक्सी ओली असतानाच पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने पुसावी, पण तो बोळा चिरेवर दाबू नये. चोवीस तास हात लावू नये.

धातूचा जो भाग त्या जागी बसतो त्याला मेणाचा पातळ हात दिल्याखेरीज रायफल जोडून पाहू नये.

मानेवरच्या तड्याला पितळी सळई घालणे आवश्यक आहे का?

नुसत्या प्रदर्शनाच्या वस्तूत सहसा नाही. वापरातील दस्त्याची मान तंतूंना तिरकी फुटली असेल, तर होय. तेथे फक्त चिकटद्रव्यावर विसंबणे धोक्याचे आहे.

३ मिमी जाडीची आटे पाडलेली पितळी सळई या कामाला पुरते. भोक ३.५ मिमीचे, चिरेला शक्य तितके काटकोनात आणि बाहेरून न दिसणाऱ्या जागेतून, म्हणजे रिसिव्हरच्या बैठकीतून किंवा ट्रिगर गार्डच्या खाचेतून पाडावे. विजेच्या ड्रिलपेक्षा हाताचे गिरमिट बरे, कारण दिशा चुकते आहे हे हाताला वेळेत कळते. खोली किती हे गिरमिटाच्या पात्याला टेपचा तुकडा गुंडाळून ठरवून घ्यावे. आंधळ्या भोकात इपॉक्सी आणि सळई घालताना कोंडलेली हवा लाकूड फाडू शकते, म्हणून सळईच्या एका बाजूला कानशीने लांबीभर बारीक खाच पाडावी. सळईचे टोक पृष्ठभागाच्या २ ते ३ मिमी आत ठेवून वरचे भोक अक्रोडाच्या खुंटीने, तंतूंची दिशा जुळवून, बुजवावे.

लोखंडी खिळा किंवा स्क्रू घालू नये. अक्रोडातील टॅनिनशी लोखंडाचा संयोग होऊन काळा डाग पडतो, आणि आपल्या खाऱ्या हवेत गंजून फुगलेला खिळा काही वर्षांत दस्त्याला नवी चीर पाडतो.

चीर जोडली, आता तडा पुन्हा पडणार नाही ना?

मूळ कारण तसेच ठेवले असेल तर नक्की पडेल. हा भाग बहुतेक जण गाळतात, म्हणून तो जरा विस्ताराने सांगतो.

ली-एनफिल्डमध्ये धक्का झेलणारे दोन्ही पृष्ठभाग रिसिव्हरला एकाच वेळी आणि पूर्ण टेकले पाहिजेत. रिसिव्हरच्या त्या भागांना काजळी किंवा लिपस्टिकचा अगदी पातळ हात देऊन दस्ता बसवावा व काढावा. डाग दोन्हीकडे सारखा उमटला तर ठीक, एकाच बाजूला उमटला तर सगळा भार तीच बाजू घेत आहे. अशा वेळी दबलेला भाग तासून तेथे कठीण, तेलविरहित लाकडाची चकती किंवा इपॉक्सीचा भराव देऊन पृष्ठभाग पुन्हा उभा करावा लागतो. दस्त्याचे मागचे टोक मात्र बट सॉकेटला टेकता कामा नये. तेथे कागद सहज सरकेल इतकी फट हवी. ती फट नसेल तर धक्का टोकाच्या पातळ कडेवर येतो आणि आपली सगळी मेहनत पहिल्या दिवशीच फुकट जाते.

ट्रिगर गार्डच्या पुढच्या स्क्रूभोवती एक धातूची नळकांडी असते. लाकूड आकसले की गार्ड या नळकांडीवर टेकतो. स्क्रू पूर्ण घट्ट लागतो, पण लाकूड मात्र आत सैल राहते. स्क्रू आवळूनही दस्ता हाताला खुळखुळत असेल तर दोष येथे आहे.

एकसंध मॉझरमध्ये रिसिव्हरच्या शेपटीमागे साधारण अर्धा मिलिमीटर जागा मोकळी आहे का ते पाहावे. शेपूट लाकडाला टेकत असेल तर मानेवर, शेपटीच्या टोकापासून सरळ मागे धावणारी चीर हमखास येते.

तुकडाच तुटून हरवला आहे. काय करावे?

तेवढ्या भागात नवे लाकूड ठिगळ म्हणून बसवावे. लांबी (पुट्टी) भरून रंग मारणे हा उपाय नव्हे. इपॉक्सीत लाकडाचा भुसा कालवून केलेला भराव लहान खाचेला चालतो, पण कोपरा किंवा कड तयार करायला नाही.

ठिगळासाठी लाकूड अक्रोडाचेच घ्यावे. गोव्यात अक्रोड होत नाही. मोडक्या, बाद झालेल्या दस्त्यांचे तुकडे किंवा काश्मिरी अक्रोडाच्या जुन्या फर्निचरचे भाग जमवून ठेवणे हाच व्यवहारी मार्ग. सागवान आपल्या हाताशी असते, मात्र त्यातील नैसर्गिक तेलामुळे जोड कच्चा राहतो आणि रंगही जुळत नाही. शिसवी लाकूड फार जड आणि कठीण. ठिगळाचे तंतू दस्त्याच्या तंतूंच्या दिशेने ठेवावेत आणि जोडाची रेषा सरळ आडवी न घेता तिरकी घ्यावी. तिरक्या जोडाला चिकटण्यास जागा जास्त मिळते आणि तो डोळ्यालाही कमी खुपतो. पटाशी चांगली धारदार हवी. बोथट पटाशीने कड चुरडली की कितीही इपॉक्सी ओतली तरी काळी रेघ दिसतेच.

हे काम पावसाळ्यात करता येते का?

जून ते सप्टेंबर हे महिने शक्यतो टाळावेत. फुगलेल्या लाकडातील चीर मिटलेली दिसते, ती खरी रुंदी दाखवतच नाही, आणि तेव्हा जोडलेले लाकूड डिसेंबरात आकसून शेजारी फाटू शकते. शिवाय दमट हवेत घट्ट होणाऱ्या इपॉक्सीवर चिकट, मेणचट थर येतो. तो कोमट पाण्याने धुऊन, वाळवून मगच पुढचा थर द्यावा, अन्यथा वरचा थर सुटतो. अगदी निकड असेल तर दस्ता डिह्युमिडिफायर लावलेल्या खोलीत निदान दोन-तीन आठवडे मुरू द्यावा. चतुर्थीनंतर हवा कोरडी होऊ लागते, कामाचे खरे दिवस नोव्हेंबर ते फेब्रुवारी.

लाकडाला बारीक भोके आहेत आणि पिठासारखी पूड पडते.

तो भुंगेऱ्याचा उपद्रव आहे आणि चिरेआधी त्याचा बंदोबस्त करावा. पोखरलेल्या लाकडात कोणतीही सळई धरत नाही. दस्ता प्लास्टिकच्या पिशवीत हवाबंद करून उणे २० अंश सेल्सिअसला दोन आठवडे ठेवल्यास अळ्या व अंडी मरतात. बाहेर काढल्यावर लाकूड खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नये, नाहीतर त्यावर दव जमते. कुंदा घरच्या डीप फ्रीजरमध्ये मावतो. मॉझरचा अखंड दस्ता मावत नाही. त्यासाठी ओळखीच्या मासळी निर्यातदाराचे शीतगृह पाहावे लागते, आणि ते गोव्यात कठीण नाही.

दुरुस्तीनंतर पॉलिश कोणते करावे?

चकचकीत काहीही नको. पॉलियुरेथेन, मेलामाइन किंवा आपल्या जुन्या फर्निचरला शोभणारी चपडी लष्करी दस्त्याला परकी दिसते. ब्रिटिश व भारतीय सैन्यात दस्त्यांना जवसाचे कच्चे तेल देण्याची पद्धत होती. आपल्या हवेत कच्चे तेल वाळायला फार दिवस घेते आणि चिकट राहिल्यास त्यावर बुरशी धरते, म्हणून रंगाच्या दुकानात मिळणारे डबल बॉइल्ड तेल अगदी थोडे, तळहाताने चोळून, जास्तीचे पुसून लावावे.

संपूर्ण दस्त्यावर पॉलिश पेपर कधीही फिरवू नये. कुंद्यावरचे निरीक्षकाचे शिक्के, तुकडीचे क्रमांक आणि लांबीची अक्षरे हीच त्या लाकडाची कागदपत्रे आहेत. जोडावरची वाढीव इपॉक्सी धारदार पातीने खरवडून काढावी आणि तेथेच थांबावे. दबलेले खळगे ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री टेकवून वाफेने वर येतात, पण शिक्क्यांच्या आसपास इस्त्री नेऊ नये, कारण शिक्का हाही एक दबलेला खळगाच असतो.

तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत. जवसाचे तेल वाळताना उष्णता सोडते आणि गोळा झालेली फडकी आपोआप पेटतात. ती उघड्यावर एकेरी पसरून वाळवावीत किंवा पाण्यात भिजवून टाकावीत.

स्थानिक सुताराकडून हे काम करून घ्यावे का?

धातूपासून वेगळे केलेले लाकूड चांगल्या मेस्त्रीच्या हाती जरूर द्यावे. गोव्यात जुन्या देवघरांची, खुर्च्यांची आणि चर्चमधील लाकडी कोरीवकामाची दुरुस्ती करणारे हात आहेत, आणि त्यांच्याइतके सफाईदार ठिगळ मला बसवता येणार नाही. त्यांना दोन गोष्टी स्पष्ट सांगाव्यात. आतल्या खाचांना रंधा किंवा पॉलिश पेपर लावायचा नाही, आणि वरून ‘नवे करून’ द्यायचे नाही. दुसरी गोष्ट लेखी दिलेली बरी.

जुना दस्ता टाकून नवा बसवणे सोपे नाही का?

सोपे असते, पण ली-एनफिल्डचे कुंदे वेगवेगळ्या लांबीचे असतात आणि पुढचा दस्ता प्रत्येक रायफलीला हाताने बसवलेला असतो, त्यामुळे आणलेला नवा दस्ता तसाच नीट बसत नाही. क्रमांक जुळणारा मूळ दस्ता जपून ठेवावा.

दुरुस्त केलेल्या रायफलीतून गोळी झाडता येईल का?

हा निर्णय परवानाधारक शस्त्रदुरुस्तकाने रायफल हातात घेऊन द्यायचा आहे. ‘डीपी’ असा शिक्का असलेली कवायतीची रायफल कोणत्याही परिस्थितीत झाडू नये.

भिंतीवर लावताना काय काळजी घ्यावी?

जांभ्या चिऱ्याची बाहेरची भिंत पावसाळाभर पाणी शोषते, म्हणून रायफल आतल्या भिंतीवर लावावी आणि लाकूड व भिंत यांच्यामध्ये दोन बोटे हवा खेळती ठेवावी. एसीच्या झोताखाली आणि दुपारच्या उन्हात ती नको. साधी इपॉक्सी ५० ते ६० अंशांच्या आसपास मऊ पडते, त्यामुळे उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत ठेवलेला जोड सुटल्याची उदाहरणे आहेत. आधार दोन ठिकाणी द्यावा आणि त्यातला एकही जोडलेल्या जागेखाली येऊ देऊ नये. आकड्यांना फेल्ट लावावे. हिरवे फेल्ट ओलसर हवेत रंग सोडते, तेव्हा पांढरे घ्यावे.